दुधाळ गाईंमधील रक्त-कॅल्शियमन्यूनतेची प्रायोगिक प्रतिरूपे : चंद्रपूर-गडचिरोली वनजिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

गाय व्यायल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत तिच्या रक्तातील कॅल्शियमची पातळी घटते. ही घट तीव्र असल्यास गाय खाली बसते व उपचार न झाल्यास दगावते. सौम्य असल्यास बाह्य लक्षण दिसत नाही. या विकाराच्या अभ्यासासाठी पाश्चात्त्य संशोधकांनी निरनिराळी प्रायोगिक प्रतिरूपे विकसित केली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी चार प्रमुख प्रतिरूपांची चिकित्सा करण्यात आली आहे. बंधकद्रव्य शिरेतून देऊन कॅल्शियम घटवण्याचे प्रतिरूप न्यूनतेचे परिणाम दाखवते, परंतु तिच्या कारणाविषयी काहीही सांगत नाही. धानाच्या तणसावर जगणाऱ्या वनजिल्ह्यांतील जनावरांच्या बाबतीत मात्र कारणाचाच शोध महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दुग्धज्वर, सुप्त कॅल्शियमन्यूनता, प्रायोगिक प्रतिरूप, बंधकद्रव्य, धानाचे तणस, कठाणी गोवंश.

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासकीयदृष्ट्या हे दोन जिल्हे वेगळे झाले असले, तरी वन, धान आणि जनावर या तीन गोष्टींनी त्यांचे जीवन आजही एकमेकांशी बांधलेले आहे. या प्रदेशातील पारंपरिक गोवंश दुधासाठी नव्हे, तर चिखलणीच्या व ओढकामाच्या बैलांसाठी पाळला गेला. येथील कठाणी गोवंशाची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून झालेली नोंदणी ही अलीकडची घटना आहे. कठाणी गाय दूध थोडेच देते. पण ती तणस आणि वनातील चराई यांवर तग धरते.

गेल्या काही दशकांत या चित्रात बदल झाला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर यांसारख्या औद्योगिक शहरांतील दुधाची मागणी, शासकीय अनुदानाच्या योजना आणि दुग्धविकासाचे प्रकल्प यांमुळे होल्स्टीन व जर्सी रक्ताच्या संकरित गाई येथील गोठ्यांत आल्या. गाय बदलली, तिचे दूध वाढले. परंतु गव्हाणीतील चारा बहुतांशी तोच राहिला. शेतकऱ्याच्या दारी एखाद-दुसरीच दुधाळ गाय असते. ती व्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी उठली नाही, तर घराचे वर्षाचे गणित कोलमडते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम का घटते, हा प्रश्न येथे केवळ शरीरक्रियाशास्त्राचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून पशुवैद्यक, कृषी विस्तार अधिकारी व औषधविक्रेते जो सल्ला देतात, त्याचे मूळ परदेशातील प्रयोगांत आहे. ते प्रयोग कोणत्या गाईंवर, कोणत्या चाऱ्यावर व कोणत्या पद्धतीने झाले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. ही चौकशी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

निरोगी गाईच्या रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरला साधारणतः ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यापैकी जवळजवळ निम्मे मुक्त, म्हणजे आयनित स्वरूपात असते. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे कार्य व पांढऱ्या पेशींची प्रतिकारक्षमता या मुक्त अंशावर अवलंबून असतात. उरलेल्यापैकी बहुतांश कॅल्शियम रक्तातील प्रथिनांना, विशेषतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

१० किलो चीक देणारी गाय एकाच धारेत सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम गमावते. रक्तद्रवात कोणत्याही क्षणी असलेल्या एकूण कॅल्शियमच्या हे प्रमाण सुमारे नऊपट आहे. ही तूट भरून काढण्यासाठी परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम मोकळे करते, मूत्रातून जाणारे कॅल्शियम रोखते आणि ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाच्या साहाय्याने आतड्यातील शोषण वाढवते. ही यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू होण्यास एक-दोन दिवस लागतात. या मधल्या काळात पातळी घसरते. ती दर १०० मिलिलिटरला सुमारे ५.५ मिलिग्रॅमखाली गेल्यास बहुधा गाय उठू शकत नाही. कान थंड पडतात, मान कुशीकडे वळते. यालाच दुग्धज्वर म्हणतात, वास्तविक यात ज्वर नसतो. पातळी ८ ते ८.५ मिलिग्रॅमच्या खाली, पण लक्षणे दिसण्याइतकी खाली नसल्यास तिला सुप्त कॅल्शियमन्यूनता म्हटले जाते.

राइनहार्ट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत पहिल्या वेताच्या सुमारे २५ टक्के, तर त्यापुढील वेतांतील ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान गाईंमध्ये सुप्त न्यूनता आढळली. प्रत्यक्ष दुग्धज्वराचे प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी होते. अर्थात, खाली बसलेली गाय ही या समस्येचा केवळ दृश्य भाग आहे.

प्रतिरूपाची पूर्वपीठिका

या विकाराच्या इतिहासात उपचार आधी आला आणि कारणमीमांसा नंतर. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्य श्मिट यांनी १८९७ मध्ये कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरण्याचा उपचार सुचवला. पुढे नुसती हवा भरूनही गाय उठते असे दिसून आले. कासेतील दाब वाढल्याने दूध स्रवणे थांबते व कॅल्शियमचा निचरा बंद होतो, हे स्पष्टीकरण त्या वेळी उपलब्ध नव्हते. १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रायर व ग्रेग यांनी हा विकार परावटू ग्रंथींच्या अपुऱ्या कार्याशी व रक्तातील कॅल्शियमच्या घटीशी जोडला. त्याच वर्षी लिटल व राइट यांच्या मोजमापांनी ही घट दाखवून दिली. यानंतर कॅल्शियमची लवणे शिरेतून देण्याचा उपचार रूढ झाला.

उपचार यशस्वी झाला की त्यातून कारण सिद्ध झाले, असा समज सहज होतो. कॅल्शियम दिल्याने गाय उठते, म्हणून गाईला कॅल्शियम कमी दिले गेले असावे, हा तर्क वरवर निर्दोष वाटतो. प्रत्यक्षात १९६० च्या दशकात परावटू संप्रेरक मोजता येऊ लागल्यावर दुग्धज्वर झालेल्या गाईंमध्ये ते कमी नसून वाढलेले आढळले. म्हणजे संदेश जात होता. तो ऐकला जात नव्हता. विकार पदार्थाच्या अभावाचा नसून नियमनाच्या विलंबाचा आहे, ही या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची जाणीव होय. पुढील सर्व प्रतिरूपांचे मूल्यमापन याच कसोटीवर करावयास हवे.

पहिले प्रतिरूप : बंधकद्रव्याचे

ईडीटीए हे रसायन कॅल्शियमच्या आयनांना घट्ट बांधून ठेवते. त्याचे सोडियम लवण शिरेतून संथपणे सोडल्यास रक्तातील मुक्त कॅल्शियम हवे तितके खाली आणता येते. रॅमबर्ग व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये या पद्धतीने गाईच्या परावटू ग्रंथींचा प्रतिसाद अभ्यासला. डॅनियल यांनी १९८३ मध्ये अशाच प्रकारे कोटीपोट व खऱ्या जठराची हालचाल मोजली. कॅल्शियम घटत जाते तशी ही हालचाल मंदावते आणि हे बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वीच सुरू होते, असे त्यांना आढळले. डेन्मार्कमधील यॉर्गेनसेन यांच्या गटाने १९९८ मध्ये कोटीपोटाच्या हालचालीवर, तर हानसेन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खाणे व रवंथ यांवर याच पद्धतीने काम केले. फ्लोरिडा विद्यापीठात मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ईजीटीए हे कॅल्शियमपुरते अधिक निवडक बंधकद्रव्य वापरले. दहा भाकड व गाभण नसलेल्या होल्स्टीन गाईंमध्ये २४ तास सुप्त न्यूनता राखली असता खाणे घटले, कोटीपोटाची आकुंचने कमी झाली, रक्तातील इन्सुलिन घटले आणि जंतू गिळून मारण्याची पांढऱ्या पेशींची क्षमता मंदावली.

या प्रतिरूपाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. विण्याच्या वेळी गाईच्या शरीरात एकाच वेळी अनेक बदल घडतात. संप्रेरके बदलतात, भूक मंदावते, गर्भाशयात दाह असतो, चरबी वितळू लागते. यांपैकी कोणता परिणाम कॅल्शियमच्या घटीचा व कोणता अन्य कारणाचा, हे गोठ्यातील निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही. बंधकद्रव्य नेमका हा गुंता सोडवते. वार अडकणे, कासदाह, गर्भाशयदाह व जठर सरकणे यांच्याशी सुप्त न्यूनतेचा जो संबंध पाहण्यांत दिसत होता, त्याला या प्रयोगांनी कार्यकारणाचा आधार दिला.

तथापि या सामर्थ्यातच त्याची मर्यादा दडलेली आहे. ज्या गाईवर प्रयोग होतो ती व्यालेली नाही, तिला दूध नाही, तिच्या चाऱ्यात दोष नाही आणि तिची नियामक यंत्रणा शाबूत आहे. कॅल्शियम बाहेरून काढून घेतले जाते. द्रावण थांबवले की ते पूर्ववत होते. येथे न्यूनता घडवलेली आहे, घडलेली नाही. परिणामी हे प्रतिरूप ‘कॅल्शियम घटल्यास काय होते’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘कॅल्शियम का घटले’ हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

याहून गंभीर बाब कालमर्यादेची आहे. मॅकआर्ट व नेव्हस यांनी २०२० मध्ये अनेक वेतांच्या होल्स्टीन गाईंची विण्याच्या पहिल्या व चौथ्या दिवसाची मोजमापे एकत्र पाहिली. ज्यांचे कॅल्शियम केवळ पहिल्या दिवशी खाली गेले व नंतर सावरले, त्या गाई आजारी पडण्याऐवजी अधिक दूध देणाऱ्या निघाल्या. धोका होता तो न्यूनता रेंगाळलेल्या किंवा उशिरा उद्भवलेल्या गाईंना. एक दिवसाची तात्पुरती घट हा भरपूर दुधाशी जुळवून घेण्याचा भाग असू शकतो, असा याचा अर्थ निघतो. चोवीस तासांचे बंधकद्रव्य-प्रतिरूप मात्र कालावधीच्या दृष्टीने नेमक्या याच तात्पुरत्या घटीचे अनुकरण करते. म्हणजे ज्या अवस्थेचे दुष्परिणाम प्रयोगशाळेत ठळकपणे दाखवले गेले, ती अवस्था कळपात तितकीशी घातक ठरत नाही. या विसंगतीची दखल घेतल्याविना प्रयोगाचे निष्कर्ष सरसकट सल्ल्यात रूपांतरित करणे योग्य ठरणार नाही.

दुसरे प्रतिरूप : आहाराचे

आहाराच्या साहाय्याने विकार घडवण्याची परंपरा अधिक जुनी आहे व कारणाच्या अधिक जवळ जाणारी आहे. बोडा व कोल यांनी १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात असे दाखवले की, विण्यापूर्वी आहारात कॅल्शियम कमी ठेवल्यास दुग्धज्वर टळतो. वरकरणी विरोधाभासी वाटणारी ही गोष्ट नियमनाच्या दृष्टीने सुसंगत आहे. आधीच कमतरतेची सवय झालेली हाडे व आतडी गरजेच्या वेळी तत्परतेने साथ देतात. नॉर्वेतील एंडर व डिशिंग्टन यांच्या कामातून पुढे आले की, खरा कळीचा मुद्दा आहारातील धन व ऋण आयनांच्या समतोलाचा आहे. ब्लॉक यांनी १९८४ मध्ये कॅनडात केलेल्या प्रयोगात धन आयनांचे आधिक्य असलेल्या आहारावरील ४७.४ टक्के गाईंना दुग्धज्वर झाला. ऋण आयनांचा आहार मिळालेल्यांपैकी एकीलाही झाला नाही. गॉफ व हॉर्स्ट यांनी १९९७ मध्ये जर्सी गाईंवर केलेल्या प्रयोगात पोटॅशियम किंवा सोडियम वाढवल्याने विकार वाढला; कॅल्शियम वाढवल्याने वाढला नाही. चाऱ्यातील जास्त पोटॅशियमने रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि हाडे व मूत्रपिंड परावटू संप्रेरकाला नीट प्रतिसाद देत नाहीत, हे स्पष्टीकरण पुढे २०१४ मध्ये गॉफ, लीसगांग व हॉर्स्ट यांनी दृढ केले.

या प्रतिरूपात न्यूनता गाईच्या स्वतःच्या शरीरात, विण्याच्या वेळी, नियमन बिघडल्याने घडते. त्यामुळे मूळ विकाराशी त्याचे साम्य सर्वाधिक आहे. परंतु प्रयोगाची शिस्त म्हणून त्यात एका वेळी एक-दोन घटकच बदलले जातात व बाकीचा आहार उत्तम दर्जाचा असतो. वनजिल्ह्यातील गव्हाणीत ही शिस्त आढळत नाही.

तिसरे व चौथे प्रतिरूप : कास काढण्याचे आणि दाहाचे

अमेरिकेतील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रात गॉफ, किमुरा व हॉर्स्ट यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रियेने कास काढलेल्या गाभण जर्सी गाईंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाई व्याल्या, पण त्यांचे कॅल्शियम घसरले नाही. न्यूनतेचे मूळ विण्यात नसून दुधाच्या मागणीत आहे, हे इतक्या निर्णायकपणे अन्य कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही.

महाराष्ट्रात असा प्रयोग होऊ शकत नाही आणि होऊही नये. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम व प्राण्यांवरील प्रयोगांबाबतचे १९९८ चे नियम यांनुसार मोठ्या जनावरांवरील प्रयोगांना पूर्वपरवानगी व प्रयोगानंतरची देखभाल आवश्यक आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ नुसार राज्यात गोवधास बंदी असून २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. कास काढलेल्या गाईचे उर्वरित आयुष्य कोणी सांभाळायचे, हा प्रश्न येथे प्रयोगाच्या आराखड्याचाच भाग ठरतो. तथापि या प्रदेशाने त्या प्रयोगाचे एक नैसर्गिक उत्तर आधीच बाळगलेले आहे. माडिया गोंड समाजात गाईचे दूध हा वासराचा हक्क मानून ते न काढण्याची परंपरा होती. ज्या गाईचे दूध केवळ वासरापुरते आहे, तिच्या रक्तातील कॅल्शियमवर संकरित गाईइतका ताण येण्याचे कारण नाही. एम्स येथे शस्त्रक्रियेने जे साधले, ते वेगळ्या अंशाने येथे पशुपालनाच्या पद्धतीतून साधले जात होते. येथील पारंपरिक गाय दुग्धज्वराने पडत नसे असे म्हटले जाते तेव्हा, तिच्या जातीच्या काटकपणाबरोबर तिच्यावर असलेल्या अल्प मागणीचाही विचार व्हायला हवा.

चौथे प्रतिरूप जंतूंच्या आवरणातील विषारी घटक शिरेतून देण्याचे आहे. हा घटक दिल्यानंतर काही तासांतच दुधाळ गाईच्या रक्तातील कॅल्शियम खाली येते. या निरीक्षणाने विचाराची दिशा उलटी केली. आजवर कॅल्शियम घटले म्हणून गर्भाशयदाह झाला असे मानले जात होते; दाह झाला म्हणून कॅल्शियम घटले, हीही शक्यता आता मानावी लागते. ओलसर गोठ्यात, अस्वच्छ हातांनी वार ओढून काढण्याच्या परिस्थितीत ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. अशा गाईला केवळ कॅल्शियमची बाटली लावणे म्हणजे लक्षणावर उपचार करून कारण तसेच ठेवणे होय.

वनजिल्ह्यांतील गव्हाणीच्या कसोटीवर

गडचिरोली जिल्हा व चंद्रपूरच्या पूर्वेकडील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके धानाचे आहेत. येथे जनावरांचा मुख्य आधार धानाचे तणस. तणसात प्रथिने व स्फुरद कमी असते, सिलिका भरपूर असते, पोटॅशियमचे प्रमाण लक्षणीय असते आणि ऑक्झलेटही असते. ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमला बांधून अविद्राव्य करते. कोटीपोटातील जंतू त्याचा काही भाग विघटित करतात. उरलेला भाग कॅल्शियम शेणावाटे घेऊन जातो.

प्रायोगिक प्रतिरूपांच्या भाषेत तणसाचे वर्णन केल्यास एक पेच उभा राहतो. तणसातून मिळणारे कॅल्शियम कमी आहे. बोडा व कोल यांच्या निष्कर्षानुसार विण्यापूर्वी हे संरक्षक ठरावे. तणसातील पोटॅशियम जास्त आहे. ब्लॉक, गॉफ व हॉर्स्ट यांच्या निष्कर्षानुसार हे घातक ठरावे. एकाच पेंढीत दोन परस्परविरोधी बळे एकत्र आहेत. शिवाय हे कमी कॅल्शियम तीन आठवड्यांपुरते नसून वर्षानुवर्षांचे असते; तेव्हा ते हाडांना तत्पर बनवते की रिकामे करते, हा निराळाच प्रश्न आहे. यांतील कोणते बळ प्रभावी ठरते, हे परदेशी प्रयोगांतून कळू शकत नाही, कारण त्यांपैकी कोणत्याही प्रयोगातील गाय तणसावर जगत नव्हती.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. सुप्त न्यूनतेची ८ किंवा ८.५ मिलिग्रॅमची सीमारेषा सुपोषित होल्स्टीन गाईंवरून ठरलेली असून ती एकूण कॅल्शियमची आहे. प्रथिनांच्या अभावाने ज्या गाईचे अल्ब्युमिन कमी आहे, तिचे मुक्त कॅल्शियम पुरेसे असूनही एकूण आकडा कमी दिसू शकतो. अशी गाय कागदावर रोगी ठरते. उलटपक्षी, चंद्रपूरच्या ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात धापणाऱ्या गाईचे रक्त अल्कधर्मी झाल्यास मुक्त कॅल्शियम घटून एकूण आकडा ठीक दिसणे संभवते. अशी गाय कागदावर निरोगी ठरते. मुक्त कॅल्शियम मोजणे हा यावरचा उपाय. परंतु त्यासाठी रक्त हवेच्या संपर्काविना घेऊन लवकर तपासावे लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की ज्या भामरागडचा संपर्क तुटतो, तेथील नमुना वेळेत कोठे पोहोचणार?

तिसरी अडचण सल्ल्याची आहे. बंधकद्रव्याच्या प्रतिरूपाने मनात जे चित्र उमटते ते असे : कॅल्शियम काढून घेतले की गाय आजारी पडते, परत दिले की बरी होते. बाजारातील द्रवरूप कॅल्शियमच्या बाटल्यांची विक्री याच चित्रावर उभी आहे. गाय गाभण असल्यापासून तिला हे औषध पाजणारा शेतकरी आपल्या परीने काळजीच घेत असतो. परंतु भाकड काळात बाहेरून सतत मिळणारे कॅल्शियम नियामक यंत्रणेला जागे होऊ देत नाही, ही शक्यता त्याला कोणी सांगत नाही. विण्याच्या वेळी, जोखमीच्या गाईला, मोजके कॅल्शियम देणे ही निराळी व समर्थनीय बाब आहे. या दोहोंतील फरक न सांगितल्यास शेतकऱ्याचा पैसा जातो आणि गाय तरीही बसू शकते.

येथे एका आक्षेपाचा विचार आवश्यक आहे. मूलभूत विज्ञान सार्वत्रिक असते. गाईची परावटू ग्रंथी फ्लोरिडात व एटापल्लीत सारखीच काम करते, असे म्हणता येईल. हे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच या प्रयोगांचे मोल कमी होत नाही. परंतु ग्रंथी सारखी असली तरी तिच्यासमोरील परिस्थिती सारखी नसते. प्रतिरूप जितके स्वच्छ, तितके ते परिस्थितीपासून दूर जाते. शरीरक्रियेचा नियम परदेशातून घेता येतो; जोखमीचे प्रमाण व सल्ला मात्र स्थानिक निरीक्षणाविना ठरवता येत नाही.

पर्यायी दिशा

या दोन जिल्ह्यांत निरीक्षणाची एक नैसर्गिक मांडणी उपलब्ध आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेकडील वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या भागांत कापूस, सोयाबीन व तूर होते. तेथील जनावरांना सोयाबीन-तुरीचे कुटार मिळते. द्विदल पिकांच्या कुटारात तणसापेक्षा कॅल्शियम बरेच अधिक असते. पूर्वेकडे तणस, पश्चिमेकडे कुटार. वेत, दूध व संकराचे प्रमाण यांची सांगड घालून दोन्हीकडील संकरित गाईंची विण्याच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या दिवशी एकूण कॅल्शियम, अल्ब्युमिन, स्फुरद व मॅग्नेशियम यांसाठी तपासणी केल्यास कोणत्याही गाईला बंधकद्रव्य न देता कारणाच्या जवळ जाता येईल. सिंचन, ढेपेचा वापर व पशुवैद्यकीय सोय हे घटकही दोन्हीकडे भिन्न असल्याने त्यांची नोंद ठेवावी लागेल. विण्यापूर्वी मूत्राची आम्लता साध्या कागदी पट्टीने पाहता येते. ती आहारातील आयनसमतोलाचा स्वस्त व विश्वसनीय निदर्शक आहे.

रक्ताच्या तपासणीसाठी पशुवैद्यकांचे, तसेच नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठासारख्या संस्थेचे साहाय्य लागेल. चाऱ्याच्या विश्लेषणासाठी मात्र दूर जाण्याची गरज नाही. ईडीटीए हे द्रव्य कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजण्यासाठी वापरले जाते. त्याच अनुमापनाने तणसाच्या राखेतील कॅल्शियमचाही अंदाज घेता येतो. ऑक्झलेटचे पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन हे पदवी स्तरावरील नित्याचे प्रात्यक्षिक आहे. वनस्पतिशास्त्र विभागाने धानाच्या वाणांनुसार व चराईतील गवतांनुसार नमुने गोळा करावेत, रसायनशास्त्राने ते तपासावेत, अर्थशास्त्राने गाय दगावल्यावर कुटुंबावर होणाऱ्या परिणामाची नोंद घ्यावी व समाजशास्त्राने दूध न काढण्याच्या परंपरेतील बदल टिपावेत. बहुविद्याशाखीय संशोधनाला याहून निकटचा विषय या परिसरात क्वचितच सापडेल.

निष्कर्ष

१. बंधकद्रव्याचे प्रतिरूप कॅल्शियमन्यूनतेचे परिणाम वेगळे काढून दाखवण्यासाठी उपयुक्त आहे. कारणमीमांसेसाठी किंवा प्रतिबंधक सल्ल्यासाठी ते आधारभूत मानता येत नाही.

२. चोवीस तासांची कृत्रिम न्यूनता व कळपातील रेंगाळणारी न्यूनता या भिन्न अवस्था असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या जागी वापरणे सदोष आहे.

३. आहाराचे प्रतिरूप मूळ विकाराच्या सर्वाधिक जवळ आहे. परंतु कमी कॅल्शियम, जास्त पोटॅशियम व ऑक्झलेट एकत्र असलेल्या धानाच्या तणसावर त्याची पडताळणी होणे आवश्यक आहे.

४. सुप्त न्यूनतेची प्रचलित सीमारेषा अल्पपोषित व उष्णतेने त्रस्त जनावरांना लावताना अल्ब्युमिनचा विचार अपरिहार्य आहे.

५. भाकड काळातील सरसकट कॅल्शियम आणि विण्याच्या वेळचे मोजके कॅल्शियम यांतील भेद विस्तार कार्यात स्पष्टपणे सांगितला जावा.

न्यूनता घडवून पाहणे आणि न्यूनता का घडते ते पाहणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम साधनसंपन्न संस्थांनी पुष्कळ अंशी पार पाडले आहे. दुसरे काम जेथे गाय प्रत्यक्ष बसते तेथेच होऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी किमान साधने या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या कपाटांत आहेत.